परदेशी मुलीशी गावात लग्न: देवळातले विधी, ग्रामपंचायतीचा दाखला आणि खरा कायदा

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. गाव रत्नागिरी तालुक्यातलं, धाकटा भाऊ क्रूझवर किचनला आहे, त्याच जहाजावरच्या फिलिपिन्सच्या मुलीशी त्याचं जमलंय, मुलगी कॅथलिक, दोघांचंही पहिलंच लग्न. आईचं म्हणणं की मे महिन्यात गावच्या देवळात भटजींकडून रीतसर लग्न लावू, ग्रामपंचायतीत नोंद करू, झालं. मुलीकडचे म्हणतात तिकडे येऊन करा. आणि काकांना काळजी लागलीय की सामाईक बागेत उद्या काय होणार. मी रत्नागिरीत २२ वर्षं वकिली करतोय, जहाजावरची आणि गल्फमधली पोरं हा आमच्याकडचा नेहमीचाच विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आईंच्या म्हणण्याबद्दल, कारण सगळी गडबड तिथेच होते. देवळातलं लग्न करा, हळद करा, देवाला गाऱ्हाणं घाला, सगळं करा, पण त्याने तुमच्या भावाचं लग्न कायद्याने झालं असं होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात नवरा आणि बायको दोघंही हिंदू असावे लागतात (बौद्ध, जैन, शीख त्यात धरलेत). एक हिंदू आणि एक ख्रिश्चन असेल तर त्या कायद्याखाली लागलेलं लग्न वैध नाही, सुप्रीम कोर्टाने २००८ साली हे अगदी स्पष्ट सांगितलंय. ग्रामपंचायतीचा दाखला मिळतो तो महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली, आणि नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाची फक्त नोंद. मुळात लग्नच कायद्यात बसत नसेल तर नोंदीने ते बसत नाही. ग्रामसेवक भला माणूस असतो, ओळखीचा असतो, फॉर्म भरून देतो, त्याचा हेतू वाईट नसतो पण त्या कागदाचं वजन तुमच्या गावच्या हद्दीबाहेर गेलं की कळतं.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं, मुलगा गुहागर बाजूचा, मुलगी युरोपातली, देवळात थाटात लग्न, दाखला हातात, चार वर्षं सुखाने संसार, एक मुलगी झाली. मग तिच्या देशात जायचं ठरलं आणि तिकडच्या ऑफिसने विचारलं की हे लग्न कुठल्या कायद्याखाली झालं आणि त्यावेळी बाईंचा धर्म काय होता. तिथे सगळं अडलं. ती बाई माझ्यासमोर बसून एवढंच विचारत होती की म्हणजे चार वर्षं मी याची बायको नव्हते का? तिला उत्तर देताना मला फार वाईट वाटलं होतं. शेवटी दोघांनी स्पेशल मॅरेज अॅक्टखाली पुन्हा लग्न केलं, पण मधल्या चार वर्षांचं काय ते काय झालंच. म्हणून म्हणतो, आधी कागद आणि मग मांडव.

काही जण सुचवतील की मुलीची शुद्धी करून घ्या, मग हिंदू पद्धतीने चालेल. धर्म बदलायचा तर तो तिला मनापासून वाटलं म्हणून बदलावा, एका दाखल्यासाठी नाही. कॅथलिक मुलीच्या घरी त्याचा काय घाव बसतो ते आपण इथे बसून समजू शकत नाही. आणि गरजही नाहीये, कारण कायद्याने सरळ रस्ता ठेवलाय.

तो रस्ता म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. यात धर्म विचारात घेत नाहीत, नागरिकत्वही आडवं येत नाही. अटी चारच: दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, दोघं मानसिकदृष्ट्या संमती द्यायला सक्षम असावेत, मुलगा २१ पूर्ण आणि मुलगी १८ पूर्ण, आणि निषिद्ध नात्यातले नसावेत. बस. घरच्यांची संमती ही अट नाही. मात्र हा कायदा स्त्री-पुरुष विवाहापुरताच आहे, समलिंगी जोडप्यांना यात जागा नाही हे २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर स्पष्ट झालंय, तोही प्रश्न मला येतो म्हणून लिहून ठेवतो.

आता खरी मेख दिवसांची आहे, आणि जहाजावरच्या पोरांचं इथेच चुकतं. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे (आपल्याकडे हे काम दुय्यम निबंधकांच्या ऑफिसातून होतं, जिथे खरेदीखतं होतात तेच खातं) आधी लेखी नोटीस द्यायची. नोटीस देण्याच्या लगेच आधीचे ३० दिवस दोघांपैकी निदान एकाने त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. म्हणजे तुमच्या भावाचा मुक्काम पुरतो, मुलीने आधी महिनाभर राहायलाच पाहिजे असं नाही. मग ती नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते आणि ३० दिवस हरकतीसाठी असतात. ते संपले की लग्न लावता येतं, पण नोटिशीच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत. तीन महिने उलटले की नोटीस गेली, पुन्हा पहिल्यापासून.

उदाहरण घ्या. भाऊ १ फेब्रुवारीला साइन ऑफ करून (जहाजावरचं कॉन्ट्रॅक्ट संपवून) घरी आला. २ मार्चला त्याचे ३० दिवस भरले. ३ मार्चला नोटीस दिली. २ एप्रिलला हरकतीची मुदत संपली. एक-दोन दिवस सोडून ४-५ एप्रिलपासून जूनच्या पहिल्या तारखेपर्यंत कधीही लग्न लावा. आईंचा मे महिना यात आरामात बसतो, पाऊस सुरू व्हायच्या आत आणि आंबाही घरात असताना. पण तोच भाऊ एप्रिलच्या सुरवातीला घरी आला तर? ३० आणि ३० मिळून जून उजाडतो. आणि मध्येच कंपनीचा फोन आला, लवकर जॉईन हो, म्हणून तो गेला की सगळं मुसळ केरात. त्यामुळे पत्रिका बघण्याच्या आधी त्याचं कॉन्ट्रॅक्ट बघा. घरी येऊन राहिल्याचा पुरावा म्हणून पासपोर्टवरचा इमिग्रेशनचा शिक्का आणि सीडीसीतली (खलाशाच्या नोंदवहीतली) साइन ऑफची नोंद दोन्ही जपून ठेवायला सांगा, ३० दिवस मोजायला यासारखा चोख पुरावा नाही.

नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात. आपल्याकडे नोटीस ऑनलाइन भरायची सोय आहे पण ती बरीचशी आधारवर चालते आणि परदेशी मुलीकडे आधार कुठून असणार, म्हणून अशा लग्नात मी नेहमी आधी ऑफिसात जाऊन त्या साहेबांना भेटतो, कागद दाखवतो, तुम्हाला काय काय लागेल ते लिहून द्या म्हणतो. मुलीचा व्हिसा काढायच्या आधी हे करा. कारण ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर ती आली, आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी नोटीस दिली तरी मुदत संपेपर्यंत तिचा व्हिसा संपलेला असणार. एक तर जास्त मुदतीचा व्हिसा, नाहीतर दोनदा येण्याची तयारी.

हरकतीचं गावात फार भय असतं. बोर्डावर नाव लागलं, कोणी तरी भावकीतला जाऊन अर्ज देईल. देऊ दे. हरकत फक्त मघाच्या चार अटींवरच घेता येते. जात वेगळी, धर्म वेगळा, आईवडील नाराज, मुलगी परदेशी, यातलं काहीही हरकत म्हणून चालत नाही. अधिकाऱ्याला ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो आणि त्याने नाही म्हटलं तर ३० दिवसांत जिल्हा कोर्टात अपील आहे.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, ओळखपत्रासकट. दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारतो असं अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर म्हणायचं, आणि ते दोघांना समजेल अशा भाषेत म्हणता येतं हे कायद्यातच आहे. मुलीला मराठीत पाठ करून म्हणायला लावू नका. तिला कळलं पाहिजे ती कशावर सही करतेय. इंग्रजीत म्हणू दे, नाहीतर तिच्या भाषेत म्हणू दे आणि समजावणारा माणूस बरोबर ठेवा.

कागदांमध्ये सगळ्यात अडतो तो मुलीचा अविवाहित असल्याचा दाखला. फिलिपिन्समध्ये त्यासाठी त्यांच्या सरकारी सांख्यिकी खात्याचा कागद असतो, त्याला सेनोमार म्हणतात, त्यात तिच्या नावावर लग्नाची नोंद नाही असं लिहिलेलं असतं. जन्माचा दाखलाही त्याच खात्याचा. त्याशिवाय त्यांच्या नागरिकाने परदेशात लग्न करायचं असेल तर त्यांच्या दूतावासाकडून लग्नास पात्र असल्याचा दाखला घेतात, तो दिल्लीच्या फिलिपिन्स दूतावासाकडे मागायचा. सेनोमार आणि जन्मदाखल्यावर तिकडूनच अॅपोस्टिल करून आणायला सांगा. अॅपोस्टिल म्हणजे एका देशाच्या सरकारी कागदावर दुसऱ्या देशाने विश्वास ठेवावा म्हणून लावलेला शिक्का, भारत त्या करारात २००५ पासून आहे आणि फिलिपिन्स २०१९ पासून. इथे आल्यावर आठवलं तर तो कागद परत मनिलाला पाठवावा लागतो आणि तुमचे तीन महिने त्यातच जातात.

तुमच्या प्रश्नात दोघांचं पहिलंच लग्न लिहिलंय, तरी एक विचाराच, आणि प्रेमाने विचारा, संशयाने नाही. फिलिपिन्समध्ये मुस्लिम सोडून बाकीच्यांना घटस्फोटाचा कायदाच नाही. वर्षानुवर्षं वेगळी राहणारी बाईसुद्धा तिथे कागदावर विवाहितच असते. तसं काही असेल तर ते आत्ता कळलेलं बरं, कारण मग आपल्या कायद्याची पहिलीच अट मोडते.

ती घरी राहायला आली की २४ तासांच्या आत परदेशी पाहुणा उतरल्याचा ऑनलाइन फॉर्म भरायचा (२०२५ पर्यंत त्याला सी फॉर्म म्हणत). लोकांना वाटतं हे हॉटेल आणि होमस्टेवाल्यांचं काम आहे, तसं नाही, परदेशी माणूस तुमच्या घरी पाहुणा म्हणून उतरला तरी कळवणं तुमच्यावर आहे. पोलीस पाटलांना सांगितलं म्हणजे झालं असं समजू नका. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद एसपी ऑफिसकडे असते, शंका आली तर तिथे सरळ जाऊन विचारा, लपवाछपवी केली की साधी गोष्ट मोठी होते. लग्न झाल्यावर व्हिसाच्या मुदतीतच तिने टुरिस्ट व्हिसाचा एंट्री व्हिसा करून घेण्यासाठी अर्ज करायचा, तोही ऑनलाइन ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीची सरकारी साइट). मुदत संपू देऊ नका, एक दिवसही नाही. याचं कारण पुढे मुलांच्या बाबतीत येईल.

आता मुलीकडच्यांचं म्हणणं, तिकडे लग्न. तेही चालतं. फिलिपिन्समध्ये स्थानिक सिव्हिल रजिस्ट्रारकडून लग्नाचं लायसन्स घ्यावं लागतं, अर्ज १० दिवस बोर्डावर राहतो आणि लायसन्स मिळालं की १२० दिवस चालतं. वय २१ ते २५ मधलं असेल तर आईवडिलांचा सल्ला घेतल्याचा कागद मागतात. भावाला मनिलातल्या आपल्या दूतावासाकडून लग्नास पात्र असल्याचा दाखला लागेल. लग्न झाल्यावर मात्र त्या देशाचा दाखला घेऊन नुसतं घरी येऊ नका, आपल्या १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यात कलम १७ आहे, त्याखाली तिकडे झालेलं लग्न आपल्या दूतावासात नोंदवता येतं, ते नोंदवून या. त्याच कायद्याखाली थेट आपल्या दूतावासातही लग्न लावतात, पण तिथेही एकाचा ३० दिवसांचा मुक्काम आणि नोटीस आहेच, आणि त्या देशाच्या कायद्याला ते चालत नसेल तर अधिकारी नाही म्हणू शकतो.

उलट लग्न रत्नागिरीत केलंत तर मुलीने दिल्लीच्या त्यांच्या दूतावासात ‘रिपोर्ट ऑफ मॅरेज’ करायचा, म्हणजे तिच्या देशाच्या दप्तरात ती विवाहित दिसेल. हे बरेच जण सोडून देतात. लग्न दोन्ही किनाऱ्यांवर लागलेलं असलं पाहिजे, इकडे बायको आणि तिकडे कुमारी अशी अवस्था झाली की भोगायला तीच लागते. आपल्या दाखल्यावर राज्याची पडताळणी आणि मग परराष्ट्र खात्याचं अॅपोस्टिल, हे लग्नानंतर लगेच करून ठेवा, दोन-तीन प्रती जास्त काढा.

गल्फमधल्यांसाठी एक ओळ: यूएई अॅपोस्टिलच्या करारात नाही, तिथे दूतावासाचं साक्षांकन लागतं. अबुधाबीत २०२१ च्या कायद्यापासून बिगर-मुस्लिम परदेशी लोकांची सिव्हिल लग्नं कोर्टात होतात, तिथे नोकरीला असलेल्या पोरांना तो मार्ग बरा पडतो. आणि सावंतवाडी-बांद्याकडची मंडळी गोव्यात जाऊन उरकू म्हणतात त्यांना सांगणं एवढंच की गोव्याचा कायदा जुन्या पोर्तुगीज संहितेवर चालतो, तिथे आधी काही ठरवलं नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. समुद्रकिनाऱ्यावर मांडव घातला म्हणून लग्न झालं असं तिथेही नाही. बागांमधल्या नेपाळी गड्यांचीही आता इथे लग्नं होतात, त्यांना व्हिसा लागत नाही, पण अविवाहित असल्याचा दाखला त्यांनाही चुकत नाही.

आता काकांचा प्रश्न, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण लग्नाच्या घाईत याच्याकडे कोणी बघत नाही.

विशेष विवाह कायद्यात कलम १९ आहे. एकत्र हिंदू कुटुंबातल्या माणसाने या कायद्याखाली लग्न केलं की तो त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जातं. घाबरू नका, वेगळा झाला म्हणजे हिस्सा गेला असं नाही. बागेतला त्याचा जो काही हिस्सा आहे तो त्याचाच राहतो, उलट लग्नाच्या तारखेला तो पक्का झाल्यासारखा होतो. कोणी भावकीत सांगत सुटलं की आता तुझा सातबाऱ्यावर हक्क नाही, तर ते चूक आहे. दोघंही हिंदू असते तर हे कलम लागलंच नसतं, १९७६ च्या दुरुस्तीने तशी सूट दिली, पण तुमच्याकडे मुलगी कॅथलिक, म्हणून लागतं.

दुसरं कलम २१. त्याच्या माघारी वारसा हिंदू वारसा कायद्याने नाही तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरणार. फरक बघा. हिंदू कायद्यात आई ही पहिल्या वर्गातली वारस, मुलांच्या आणि सुनेच्या बरोबरीने तिला वाटा. १९२५ च्या कायद्यात मुलं असतील तर एक तृतीयांश बायकोला, दोन तृतीयांश मुलांना, आणि आईला काहीच नाही. ज्या माउलीने काजू सोलून, आंब्याच्या पेट्या भरून पोराला जहाजाचे कोर्स करायला पैसे उभे केले तिचं नाव कायद्याच्या तक्त्यात येतच नाही. याला उपाय आहे आणि सोपा आहे: मृत्युपत्र. लग्नानंतर भावाने साक्षीदार बघून मृत्युपत्र करावं, आईला काय, बायकोला काय, मुलांना काय ते लिहावं, दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं. लग्नाच्या आधीच करून ठेवलेलं नको, कारण त्या कायद्यात लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. २९ वर्षांच्या पोराला मृत्युपत्राचं सांगितलं की घरात सगळे अभद्र बोलतोस म्हणतात, पण जहाजावरच्या माणसाने ते करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

बाग तिच्या नावावर होईल का, तर विकत घेऊन नाही. परदेशी नागरिकाला आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व ठेवून भारतात राहायची मोकळीक देणारं कार्ड) असलेल्यालाही शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतंच. वारशाने येणं ही गोष्ट वेगळी, त्याला बंदी नाही. त्यामुळे ‘फॉरेनची बाई बाग विकून जाईल’ ही भीती निम्मी निराधार आहे, आणि उरलेली निम्मी मृत्युपत्र नीट केलंत की जाते.

ओसीआय कार्ड लग्न नोंदवून सलग २ वर्षं संसार झाल्यावर मागता येतं. इथे राहायला, नोकरीला मोकळीक मिळते, पण घटस्फोट झाला की जातं. पूर्ण नागरिकत्व हवं असेल तर लग्नानंतर अर्जाच्या आधी साधारण ७ वर्षं भारतात वास्तव्य लागतं, आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही म्हणून तिला तिचं सोडावं लागेल. त्याची घाई करू नका, तिचा तिच्या माहेराशी असलेला दुवा आहे तो.

आणि मुलं. मूल भारतात जन्मलं तर जन्मानेच भारतीय, पण २००४ पासूनची अट अशी की एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा राहणारा नसावा. व्हिसाची एकही तारीख चुकवू नका म्हणालो ते याच्यासाठी. मूल बाहेर जन्मलं तर एका वर्षाच्या आत तिथल्या आपल्या वकिलातीत नोंदवायचं, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं.

तर ताई, आत्ता लगेच करायचं ते हे: भावाला फोन करून साइन ऑफची तारीख विचारा, मुलीला सेनोमार आणि जन्मदाखला अॅपोस्टिलसह मागवायला सांगा, आणि आईंना सांगा मे महिन्यातला मुहूर्त धरायला हरकत नाही, फक्त दुय्यम निबंधकांकडची सही त्याच्या आदल्या आठवड्यात होऊन जाऊ दे. एजंट एका दिवसात सर्टिफिकेट देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, ६० दिवसांचं काम एका दिवसात होत असेल तर तो कागद खोटा असतो.